एन्कोडरवरून वेग आणि त्वरण काढताना फिल्टरच्या आधी काय करायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये ऑइल सीलची, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कडीची, चाचणी घ्यायचा रिग उभा केला, त्याची ही गोष्ट आहे. बिडाचं 40 किलोचं चाक, व्यास 31 सेंटीमीटर, ओतलेलंही इथल्याच फाउंड्रीत. त्याला 3 एचपीची मोटर, तिचा वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला 1000 पल्सचा एन्कोडर, म्हणजे एका फेऱ्याला विजेचे 1000 पल्स देणारा सेन्सर. चाक 1440 आरपीएमला न्यायचं, ड्राइव्ह बंद करायचा आणि चाक आपोआप थांबू द्यायचं. ते किती झपाट्यानं मंदावतं त्यावरून सील किती ओढ लावतं ते काढायचं. चाकाचं जडत्व रोटर आणि कपलिंग धरून सुमारे 0.5 किलोग्राम-मीटर वर्ग. त्याला त्वरणानं गुणलं की टॉर्क, म्हणजे चाकाला अडवणारी ओढ, मिळाला. कागदावर हे पाच मिनिटांचं काम.

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर त्वरणाचा ग्राफ उघडला तर पडदाभर उभ्या रेघा, वर 15000 आणि खाली उणे 15000 आरपीएम प्रति सेकंद. शेजारी उभे असलेले फिटर मामा चाकाकडं बघून म्हणाले, "पोरी, चाक तर गुमान थांबायलंय, मग हे काय नाचायलंय?"

मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी फिल्टरला, म्हणजे आकडे गुळगुळीत करणाऱ्या हिशेबाला, हात लावला नाही. आधी मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. 1440 वरून पूर्ण थांबायला 72 सेकंद लागले. म्हणजे सरासरी 20 आरपीएम प्रति सेकंद. खरी गोष्ट 20 ची आणि ग्राफ सांगतोय 15000. कुठलंही एन्कोडरचं काम हातात घ्याल तेव्हा असा एक ढोबळ आकडा आधी काढून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या खटपटीत तोच आधार असतो.

दुसराही एक आकडा लिहा, वरची मर्यादा. 3 एचपीची, म्हणजे 2.2 किलोवॅटची मोटर 1440 ला साधारण 14.6 न्यूटन-मीटर देते. सुरू होताना तिनं अडीच पट जोर लावला असं धरलं तरी 36. त्याला 0.5 नं भागा, 72 रेडियन प्रति सेकंद वर्ग येतात. म्हणजे सुमारे 690 आरपीएम प्रति सेकंद. हे चाक याच्यापेक्षा जोरात वेग पकडूच शकत नाही. ग्राफमध्ये याच्या वर जे दिसेल ते चाकाचं नाही, मोजणीचं आहे.

15000 आले कुठून

1000 पल्सचा एन्कोडर, त्याच्या ए आणि बी या दोन्ही सिग्नलांच्या चढत्या-उतरत्या सगळ्या धारा, म्हणजे सिग्नल वर किंवा खाली जातो ते क्षण, धरल्या की एका फेऱ्याला 4000 काउंट. मी दर 1 मिलिसेकंदाला काउंट वाचत होते आणि आधीचा वजा करत होते. चाक 100 आरपीएमला असताना 1 मिलिसेकंदात 6.67 काउंट व्हायला हवेत. पण काउंट अर्धा होत नाही. कधी 6 येतात, कधी 7. 6 म्हणजे 90 आरपीएम आणि 7 म्हणजे 105. एका काउंटची किंमत 15 आरपीएम! आता या उड्या मारणाऱ्या वेगातून त्वरण काढलं, म्हणजे 15 ला पुन्हा 1 मिलिसेकंदानं भागलं. झाले 15000.

वेळेनं दोनदा भाग जातोय, हे नीट लक्षात घ्या. वाचनातलं अंतर 10 मिलिसेकंद केलं तर वेगातली उडी 15 वरून 1.5 वर येते, पण त्वरणातली 15000 वरून थेट 150 वर. 100 मिलिसेकंद केलं तर 1.5. वेळ दहापट, नॉइज, म्हणजे मोजणीतली खोटी उडी, शंभरावा भाग. 72 सेकंद मंदावणाऱ्या चाकाला मिलिसेकंदानं मोजायची गरजच नव्हती. आमच्याकडं येणारी निम्मी तक्रार या एका बदलानं मिटते.

पण सगळीकडं इतका वेळ थांबता येत नाही. चाक सुरू होताना दोन-अडीच सेकंदांत सगळं आटोपतं. तिथं मोजायची रीतच बदलावी लागते.

मी खानापूरहून बसनं येत असे तेव्हा खिडकीशी बसून मैलाचे दगड मोजायची सवय होती, किलोमीटरला एक दगड. समजा बस ताशी 45 किलोमीटर वेगानं चालली आहे. दर मिनिटाला घड्याळ बघून "या मिनिटात किती दगड गेले" असं मोजलं तर कधी 1, कधी 0. म्हणजे वेग कधी 60, कधी शून्य. त्याऐवजी एक दगड दिसला की घड्याळ बघायचं, पुढचा दिसला की पुन्हा बघायचं. मधे 80 सेकंद गेले, वेग बरोब्बर 45. दगड तेच, घड्याळ तेच. फक्त घड्याळ कधी बघायचं ते बदललं.

एन्कोडरच्या दोन धारांमधला वेळ मोजणं म्हणजे हेच. मंद वेगाला ही रीत उत्तम. जोरात फिरताना मात्र ती उलटते. 1 मायक्रोसेकंदाचं घड्याळ असेल तर 100 आरपीएमला दोन काउंटमधलं अंतर 150 मायक्रोसेकंद, चूक पाऊण टक्क्याच्या आत. 3000 आरपीएमला अंतर 5 मायक्रोसेकंद, चूक 20 टक्के. म्हणून दोन्ही रीती जोडायच्या: ठरलेल्या वेळात किती धारा गेल्या तेही मोजायचं, आणि मागच्या वेळच्या शेवटच्या धारेपासून या वेळच्या शेवटच्या धारेपर्यंत नेमका वेळ किती गेला तेही.

तारा आणि कपलिंग

जोडरीतीचं तपशिलात सांगते, पण त्याआधी पाना आणि सोल्डरिंग गनचं काम. इथं घाई केली तर पुढची सगळी हुशारी वाया जाते.

एन्कोडरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून आणू नका. ड्राइव्हची मोटर केबल म्हणजे सतत ठिणगी पाडणारी तार समजा. जमलं तर लाइन ड्रायव्हर आउटपुटचाच एन्कोडर घ्या. त्यात ए आणि त्याचा उलटा ए अशा जोड्या येतात. पीळ दिलेली शील्ड केबल वापरा आणि बोर्डाजवळ 26एलएस32 सारखा रिसीव्हर लावा. ओपन कलेक्टरचा, म्हणजे सिग्नल फक्त खाली ओढणारा, एन्कोडर असेल तर सिग्नल वर नेणारा पुल-अप रेझिस्टर भलताच मोठा ठेवू नका, धार आळशी होते.

ऑप्टोकपलरबद्दल, म्हणजे सिग्नल उजेडातून पलीकडं देणाऱ्या चिपबद्दल, विशेष सांगते. आमच्या भागात प्रत्येक पॅनेलवाल्याच्या डब्यात 817 नावाचा ऑप्टो असतोच, आणि तो लावलाही जातो. रिले चालवायला तो छान आहे. पण 1440 आरपीएमला 1000 पल्स म्हणजे 24 किलोहर्ट्झ, अर्धा पल्स जेमतेम 21 मायक्रोसेकंदांचा. मोठ्या रेझिस्टरसह 817 ला बंद व्हायलाच तेवढा वेळ लागू शकतो. मग पल्स वाकडे होतात किंवा गायब होतात. तिथं 6एन137 सारखा वेगवान ऑप्टो लावा.

तारा ठीक आहेत की नाही हे ओळखायची खात्रीची परीक्षा म्हणजे झेड पल्स, जो एका फेऱ्याला एकदाच येतो. एका झेडपासून पुढच्या झेडपर्यंत काउंट नेमके 4000 यायला हवेत, प्रत्येक फेऱ्याला, ड्राइव्ह चालू असतानाही. कधी 3997, कधी 4002 येत असतील तर नॉइज तारेत आहे. कोडमध्ये शोधू नका. आमच्या रिगवर ड्राइव्ह बंद असताना 4000 आणि चालू केला की 4001, 4003 येत होते. कनेक्टर उघडला तर शील्डची वेणी कापून टेपखाली दाबलेली होती. ती बोर्डाच्या बाजूला अर्थला जोडली आणि आकडा 4000 वर स्थिर झाला. एसटीएम32 या मायक्रोकंट्रोलरच्या टायमरला इनपुट फिल्टर असतो, तोही चालू करा. ठरावीक नमुने सलग सारखे आल्याशिवाय तो धार मानत नाही, त्यामुळं बारीक टोचे तिथंच गळतात.

जोडरीत, आकड्यांसकट

72 मेगाहर्ट्झचं साधं निळं एसटीएम32 बोर्ड पुरतं. टायमर 1 मायक्रोसेकंदाच्या टिकवर चालवा. एन्कोडरचा ए त्याच्या कॅप्चर पिनला द्या. प्रत्येक चढत्या धारेला हार्डवेअर वेळ पकडून ठेवतं. इंटरप्टमध्ये, म्हणजे धार आली की लगेच चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात, दोनच कामं करायची: धारांचा आकडा एकनं वाढवायचा आणि पकडलेला वेळ "शेवटची धार" म्हणून ठेवायचा. दिशा हवी असेल तर त्याच क्षणी बी वर आहे की खाली ते बघा.

दर 10 मिलिसेकंदाला इंटरप्ट क्षणभर बंद करून हे दोन्ही आकडे एकाच दमात उचला. एक आता आणि दुसरा नंतर असं केलं तर मधे एखादी धार सरकते, आणि जी चूक घालवायची तीच पुन्हा आत येते. मग दोन्हींतून मागच्या खेपेचे आकडे वजा करा, की या खिडकीतल्या धारा आणि वेळ मिळतात:

वेग (आरपीएम) = धारा × 60000 ÷ वेळ (मायक्रोसेकंद)

आमच्या रिगवरची एक ओळ बघा. 10 मिलिसेकंदाच्या खिडकीत धारा 239, मागच्या खिडकीच्या शेवटच्या धारेपासून या खिडकीच्या शेवटच्या धारेपर्यंतचा वेळ 9958. उत्तर 1440.05. नुसत्या धारा मोजल्या असत्या तर 239 ला 1434 आणि 240 ला 1440, मधलं काही दिसलंच नसतं.

टायमर 16 बिटांचा असेल तर वजाबाकीही 16 बिटांतच करा, म्हणजे 65535 वरून शून्यावर आल्यावर आकडा फुटणार नाही. भागाकार मात्र फ्लोटमध्ये. आणि लूपमध्ये सीरियलवर छापत छापत मोजू नका. 10 मिलिसेकंदाचा ठोका 1 मिलिसेकंदानं हुकला आणि तुम्ही 10 नंच भागलं, तर वेगात 10 टक्के चूक तिथंच झाली.

चढत्याच धारा का, असं मला पोरं विचारतात. काउंट 4000 मिळत असताना 1000 वरच का थांबायचं? मी एकदा चाक 100 आरपीएमला स्थिर ठेवून सलग चार काउंटमधले वेळ कागदावर लिहून दाखवले: 131, 168, 140, 161. प्रत्येक 150 यायला हवा होता. या चार आकड्यांवरून वेग काढला तर 114.5, 89.3, 107.1, 93.2. पुढच्या चार काउंटला पुन्हा जवळपास हेच, त्याच क्रमानं. चारांची बेरीज मात्र 600, म्हणजे बरोबर 100 आरपीएम. ए आणि बी मधला कोन नेमका 90 अंश नसतो, पल्सची रुंदीही नेमकी निम्मी नसते. मैलाचे दगडच थोडे पुढंमागं रोवलेले आहेत म्हणा. ए च्या चढत्या धारेपासून ए च्याच चढत्या धारेपर्यंत मोजलं की ही चूक आपोआप कटते. जागा कळायला 4000 वापरा, वेळ मोजायला 1000 च.

झेडची तार वाया घालवू नका

हे सगळं करून वेग सुंदर दिसू लागला. तरी त्वरणात एक लाट राहिली, प्रत्येक फेऱ्याला एकदा वर, एकदा खाली, आणि तीही खऱ्या आकड्याच्या कितीतरी पट. इथं मी दोन दिवस घालवले, म्हणून इथं थोडं थांबते.

एन्कोडरच्या चकतीचा मध्य आणि फिरण्याचा मध्य यांत 50 मायक्रॉनचा फरक आहे असं समजा. रेघा 15 मिलिमीटर त्रिज्येवर असतील तर कोनातली चूक 0.0033 रेडियन, पाव अंशाहूनही कमी. जागेसाठी काहीच नाही. वेगात ती 0.33 टक्के होते, 1440 ला 4.8 आरपीएम. आणि त्वरणात तिला वेगाच्या वर्गानं गुणावं लागतं: 0.0033 × 150.8 × 150.8, म्हणजे 75 रेडियन प्रति सेकंद वर्ग. आमचं खरं त्वरण किती? 20 आरपीएम प्रति सेकंद म्हणजे 2.1. छत्तीस पट मोठी खोटी लाट, आणि तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकातून.

डायल गेज लावून शाफ्टचं टोक तपासलं, कपलिंगचे स्क्रू सैल करून पुन्हा बसवलं, लाट निम्मी झाली. पूर्ण जात नाही, जाणारही नाही. मग ज्या तारेकडं एरवी कोणी बघत नाही ती झेडची तार कॅप्चर पिनला जोडली. चकती कितीही वाकडी बसली असली तरी झेड दर फेऱ्याला चकतीच्या त्याच जागी येतो. एका झेडपासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ म्हणजे बरोब्बर एक फेरा, लाट त्यात पूर्ण विरते. 1440 ला एका फेऱ्याला 41667 मायक्रोसेकंद लागतात. 1 मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 0.035 आरपीएम. सेकंदाला 24 वाचनं मिळतात, आणि थांबत जाणाऱ्या चाकाला ती भरपूर झाली.

ही यादी एक्सेलमध्ये घेतली. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात वेग. त्वरणासाठी शेजारच्या दोन ओळी वजा करायच्या नाहीत. साधारण एक सेकंदाच्या, म्हणजे 25 ओळी घेऊन स्लोप फंक्शन लावायचं, आणि ते एकेक ओळ खाली ओढत न्यायचं. सगळ्या बिंदूंमधून जाणारी सरळ रेघ एखाद्या चुकार वाचनानं फारशी हलत नाही. उत्तर त्या खिडकीच्या मधल्या ओळीसमोर लिहा. शेवटच्या ओळीसमोर लिहिलं तर ग्राफ अर्धा सेकंद मागं सरकतो.

मामांना तो ग्राफ दाखवला. वरच्या वेगाला 26 आरपीएम प्रति सेकंद, थांबत येताना 15, मधे एक स्वच्छ उतार. स्टॉपवॉचचा 20 त्याच्या बरोबर मधे. मालकांना 1000 आरपीएमची ओढ हवी होती, तीही मिळाली. दोन गोष्टी मात्र आधी कराव्या लागल्या. ड्राइव्हमध्ये थांबण्याची सेटिंग "कोस्ट" केली, नाहीतर ड्राइव्हच ठरवतो चाक कसं मंदावायचं. आणि सील न बसवता एक चाचणी घेऊन तिचे आकडे वजा केले, कारण बेअरिंग आणि मोटरचा पंखाही ओढ लावतातच.

आता फिल्टर

इतकं झाल्यावर फिल्टरला फार काम उरत नाही, आणि ते तसंच असावं. प्रत्येक फिल्टर थोडा वेळ खातो. नेहमीचा, "जुन्यात नव्याचा दहावा हिस्सा मिसळा" वाला फिल्टर 10 मिलिसेकंदाच्या वाचनावर लावला तर तो सुमारे 90 मिलिसेकंद मागं राहतो. थांबताना 20 च्या उतारावर हा फरक 1.8 आरपीएम, कोणाला कळणारही नाही. पण सुरू होताना 690 च्या चढावर 62 आरपीएम. तोच फिल्टर, एका कामाला चालतो, दुसऱ्याला चालत नाही.

एखादंच वाचन भलतंच येत असेल तर सरासरी लावू नका, ती त्या खोट्या आकड्याला आजूबाजूला पसरवते. आधी तीन किंवा पाच वाचनांतलं मधलं वाचन निवडा, मग पुढचं.

रेकॉर्ड केलेल्या डेटावर पाच बिंदूंचा उतार फार कामाचा आहे: दोन घर मागच्याला उणे 2, एक घर मागच्याला उणे 1, मधल्याला शून्य, पुढच्यांना 1 आणि 2 नं गुणून बेरीज करा, ती 10 पट वेळ-अंतरानं भागा. ही पाच बिंदूंतून बसवलेली रेघच आहे.

चालू मशीनवर, कंट्रोलसाठी वेग हवा असेल तर मी ट्रॅकिंगची रीत वापरते. कोड स्वतःच एक जागा आणि एक वेग धरून चालतो. दर ठोक्याला जागेत वेग × वेळ मिळवून पुढची जागा सांगतो, खऱ्या काउंटशी फरक बघतो, त्या फरकाचा एक हिस्सा जागेत आणि दुसरा, वेळेनं भागून, वेगात मिसळतो. दोन हिस्से मनाला येतील तसे घेऊ नका. 0 आणि 1 च्या मधला एक आकडा निवडा, समजा 0.9. पहिला हिस्सा 1 वजा त्याचा वर्ग, म्हणजे 0.19. दुसरा (1 वजा 0.9) चा वर्ग, म्हणजे 0.01. असे घेतले की वेग हेलकावे न खाता बसतो. निवडलेला आकडा 1 च्या जवळ नेला की गुळगुळीत पण मंद, खाली आणला की चपळ पण खरखरीत.

चाक जवळजवळ थांबलं की धारा येतच नाहीत, आणि कोड शेवटचा वेग धरून बसतो. तिथं एक ओळ घाला: शेवटच्या धारेपासून गेलेल्या वेळात जास्तीत जास्त एकच धार गेली असती, म्हणून वेग त्याहून जास्त असूच शकत नाही. दाखवायचा वेग त्या मर्यादेपर्यंत उतरवत न्या. 50 मिलिसेकंद धार आली नाही तर 1000 पल्सवर वेग 1.2 आरपीएमच्या खालीच आहे.

रिपोर्ट देण्याआधी एक बेरीज करा. त्वरणाचा रकाना वेळ-अंतरानं गुणून वरपासून खालपर्यंत मिळवा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगातला फरक यायला हवा. आमची बेरीज पहिल्यांदा 1440 ऐवजी 1310 आली. ड्राइव्ह बंद केल्यानंतरचे पहिले पाच सेकंद मी यादीतून कापून टाकले होते. तिथला वेग खरोखर 1310 होता. ते पाच सेकंद परत घातले, रकाना पुन्हा खाली ओढला, मग प्रिंट काढली.